आधी फटका, मागून बोलणं

फटकामामा आधी मारत, मग बोलत. हातात कायम सागाची हातभर पट्टी. चुकीची वायर धरलेला कोणी दिसला की ती मनगटावर बसायची, कारण नंतर कळायचं. जन्मभर उमरेडच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होऊन वाडीत, आमच्या शेडच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते.

आमचं काम ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं. शेडचा मालक मीटर लावू देईना. आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली पंख्याशिवाय बसून दाखवा म्हणावं! शेवटी नवऱ्याने चार जुने सोलर पॅनल आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या. "आपणच जोडू, त्यात काय?" म्हणाला. छपरावर वायरीला हात घातला तोच मागून चढलेल्या मामांची पट्टी बसली.

"झाकलं काहून नाही गा? सूर्याले बटन असते का बंद कराले? ऊन हाये तवर वायरीत करंट हाये!"

मग आमचीच एक ताडपत्री पॅनलवर पडली आणि तिच्याखाली हात घालून जोडणी सुरू झाली. तीन दिवसांत नवऱ्याने आठ-दहा फटके खाल्ले. मला संताप यायचा, पण काम असं चोख की एक जोड सैल सापडायचा नाही.

बॅटरीपाशी अंगावर धातू नको, हा त्यांचा दुसरा हट्ट. "काढ वं त्या पाटल्या," मला दोनदा म्हणाले. "दोन टोकांले धातू टेकला की लाल होते, हाडापर्यंत जाळते." हिरव्या बांगड्यांच्या मधे माझ्या पितळी पाटल्या. मी कसली ऐकते! "नवरा धडधाकट हाये माझा, भुंडे हात काहून करू?" म्हटलं आणि पाना घेऊन नट आवळायला वाकले. पट्टी अशी बसली की बांगड्या फुटून काचा मनगटात घुसल्या, रक्ताची धार लागली. नवरा तेवढ्यात छपरावरून उतरत होता. त्याला दिसलं ते एवढंच, की परक्या माणसाने बायकोच्या बांगड्या फोडल्या. त्याने मामांच्या तोंडावर गुद्दा हाणला, खाली पडल्यावर लाथा घातल्या. मामांनी तुटलेला दात तळहातावर थुंकला, खिशात टाकला आणि निघाले. "पुन्हा पाय ठेवला तर तंगडं तोडीन!" असं मागून ओरडली ती मीच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नवरा एकटाच बॅटरी जोडायला बसला. बोटात अंगठी तशीच, मुद्दाम. "म्हाताऱ्यावाचून काय अडून राहिलं?" पाना एका टोकाला होता, त्याला टेकलेली अंगठी दुसऱ्याला लागली आणि फाडकन उजेड झाला. अंगठी लाल होऊन तिथेच चिकटली. हात निघेना. मांस जळाल्याचा वास सुटला. मी किंचाळले. मामा सुजलेल्या तोंडाने धावत आले आणि दोन्ही हातांनी पट्टी हाणली. पट्टी मोडली, मनगटाचं हाड मोडलं, हात सुटला.

डॉक्टर म्हणाले, बोट गेलं, हात वाचला. मी बाहेर आले तर मामा दवाखान्याच्या पायरीवर बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होते.

"भिंतीपलीकडून ऐकून राहिलो होतो वं पोरी. तो एकटाच जोडून राहिला, मले मालूम होतं. रुसून बसलो मी. उशिरा मारलं."

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. माफी मागायची होती, पण रडूच फुटलं.

त्यानंतर मामांनी कुणावर हात उचलला नाही. राहिलेली जोडणी त्यांनीच केली. मी मुद्दाम वायर उलटी धरली, तर म्हणाले, "लाल इकडे, बाई." मला बाई म्हणाले हो! पंखा फिरला, मशीन चालली, आणि आठवड्याभरात मामा लेकीकडे उमरेडला निघाले. बस लागली तेव्हा नवऱ्याने गाल पुढे केला. "मारा ना मामा, जाता जाता एक."

मामांनी हात उचलला. आता मारतील, असं वाटलं. त्यांनी पिशवी घेतली आणि बसमध्ये चढले.