मशीनवर नाही, त झालंच नाही

मी रेकॉर्डरचं बटण दाबलं, की सर शिट्टी वाजवायचे. शिट्टी पितळेची होती, कबड्डीच्या मैदानावर दोन्ही संघांना जागच्या जागी थांबवणारी. समोर मुलाखत द्यायला बसलेले निवृत्त प्राध्यापक छातीवर हात ठेवायचे, खिडकीतलं कबुतर उडून जायचं आणि सर अगदी शांतपणे म्हणायचे, "हं. झाली सुरू. आता जे बोलसान ते रेकॉर्डवर. अन् जे मशीनवर नाही, ते झालंच नाही."

वाशीमच्या आमच्या कॉलेजात आठवणींचा हा संग्रह ऐकायला तुम्ही कधी आलात, तर सुरुवातीला आवाज कमी ठेवा. मी हे सगळ्यांनाच सांगते. कुणी ऐकत नाही आणि मग माझ्याकडे रागाने बघतात.

कॉलेजात सर पुष्कळ, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते खेळाचे सर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांनी मनावर घेतली नव्हती. रोज सकाळी मैदानावर हजर. मी त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्या तासाला माझं पोट न चुकता दुखायचं. पुढे मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायला लागले, तरी भेट झाली की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोट बरं आहे न आता?" स्टाफरूममध्ये विचारायचे, प्राचार्यांसमोर विचारायचे. माझ्या साखरपुड्यातही विचारलं. होणाऱ्या सासूबाईंनी ते खरं धरलं आणि लग्नानंतर वर्षभर मला जेवणावर ओवा खायला लावला.

तर एकदा विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यापीठाला आपल्या सगळ्या कॉलेजांच्या आठवणी जमवायच्या होत्या. जुने शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी यांना बोलतं करायचं आणि ते बोलणं जपून ठेवायचं. मीटिंगमध्ये प्राचार्यांनी पत्र वाचलं तेव्हा सगळे पंख्याकडे बघायला लागले. प्राचार्य म्हणाले, "बोलायचं काम आहे, म्हणजे मराठी विभागाचं." मराठी विभाग म्हणजे मी एकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात उभे. गळ्यात शिट्टी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती. गावाला लागून त्यांच्या भावाचा भाजीचा मळा आहे.

"मले समजलं, तुमाले जुने लोक पाह्यजे. कोन कुठं राह्यते, कोनाले ऐकू येते, कोन जित्ता आहे, सारं मले माहीत आहे. चल." बाहेरच्यांसमोर ते मला मॅडम म्हणायचे, एरवी पोरी. मग आठवण झाल्यासारखं, "पोट बरं आहे न?"

पहिली मुलाखत एका निवृत्त प्राचार्यांची, त्यांच्याच घरी. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाशी चहाशिवाय बोलणं म्हणजे भांडायला आल्यासारखं. चहा आला, चिवडा आला, पुन्हा चहा आला. कॉलेज कसं सुरू झालं हे साहेब फार सुंदर सांगत होते. परत येऊन ऐकलं, तर आमचं कॉलेज 'फुर्रर्र' असा आवाज करत सुरू झालं होतं. शेडचं भाडं, पहिले विद्यार्थी, पहिली घंटा, सगळं बशीत बुडालेलं.

सरांनी लगेच नियम काढला. "चहा चालू, मशीन बंद. मशीन चालू, चहा बंद." कॉलेजात मुलाखत असली तर शेवटची लांब शिट्टी होईपर्यंत चहा नाही. ती वाजली की आमच्या शिपाई कांताबाई ट्रे घेऊन यायच्या. ट्रेमध्ये तीन कप असायचे: एक पाहुण्यांचा, एक माझा आणि एक सरांचा, बिनसाखरेचा. तो हुकूम सरांच्या घरून कांताबाईंना फोनवर आला होता आणि सरांनी कितीही डोळे मिचकावले तरी त्या बधायच्या नाहीत.

मुलाखतीत कुणी फुशारकी मारायला लागलं, की सर शिट्टी फुंकायचे. एक माजी विद्यार्थी, आता नामांकित वकील, विद्यार्थ्यांच्या संपात आपण कसे फाटकावर आडवे झोपलो होतो ते रंगवून सांगत होते. फुर्र!

"फाउल! त्या दिवशी तू अनसिंगले बहिनीच्या लग्नात होता लेका. मी होतो न तथी, जिलबी वाढून राह्यला होता तू."

वकीलसाहेब म्हणाले, "मग मी संपाच्या आदल्या दिवशी झोपलो असेन." पुन्हा फुर्र.

सर स्वतः फार खरे बोलत होते अशातला भाग नाही. रसायनशास्त्राच्या निवृत्त मॅडमच्या मुलाखतीत मध्येच तोंड घालून ते सांगू लागले, की प्रयोगशाळेला आग लागली तेव्हा त्यांनी एकट्याने ती विझवली. मॅडम उठल्या, सरांच्या गळ्यातली शिट्टी तशीच पुढे ओढली आणि जोरात वाजवली. "आग मी विझवली. तुम्ही बाहेर उभे राहून 'पळा पळा' ओरडत होते." सर दोरीला बांधलेल्या अवस्थेत म्हणाले, "ओरडनं बी लागते बाप्पा कोनाले तरी." हे सगळं संग्रहात आहे.

मुलाखत झाली की सर पिशवीतून मेथीची नाहीतर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी काढून द्यायचे. पण त्याआधी एक प्रश्न असायचा. उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, असं विद्यापीठाने स्पष्ट कळवलं होतं. सरांचा प्रश्न असा: "अन् ते कबड्डीची फायनल आठवते न तुमाले? माहा हात रेषेले लागला होता न?"

आता हे प्रकरण सांगायलाच हवं. सर याच कॉलेजचे विद्यार्थी असताना विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना आमच्या मैदानावर झाला. शेवटची चढाई सरांची. दोघांना शिवून परतताना त्यांचा पाय पकडला गेला, अंगावर सगळा संघ पडला, तरी सर दम न सोडता मध्यरेषेकडे सरकत राहिले आणि त्यांनी हात टाकला. हात रेषेला लागला असेल तर सामना आपला. पंचांना त्या ढिगाऱ्यात काही दिसलं नाही. त्यांनी सरांना बाद दिलं आणि विजेत्याची ढाल दुसऱ्या कॉलेजला गेली. सरांनी बोटाला लागलेली फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, पंचांना दाखवली. पंच म्हणाले, सगळ्यांच्याच अंगाला फक्की लागली आहे. सरांनी तो हात दुसऱ्या दिवसापर्यंत धुतला नाही. डाव्या हाताने जेवायला बसले म्हणून आईने पाठीत धपाटा घातला.

तेव्हापासून सरांना एक साक्षीदार हवा होता. आठवणींच्या संग्रहात ते कशासाठी शिरले होते, ते मला तेव्हा कळलं.

उत्तरं मात्र भलतीच यायची. कुणी म्हणे, "ते व्हॉलीबॉल होतं न?" इंझोरीच्या एका गृहस्थांना फक्त त्या दिवशीची पुरीभाजी आठवत होती, पण तीही अशी की ऐकताना भूक लागावी. रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "मी तिकडं पाठ करून स्वेटर विणत होते." आणि एकाने तर विचारलं, "तुमी होते काय त्या सामन्यात?" त्याला मेथी मिळाली नाही.

"सर, तुमचीच मुलाखत घेऊ ना," मी म्हणायची. "तुम्हीच सांगा."

"माही शेवटी. गड्यानं सोताच सांगतलं का हात लागला, त कोन मानते? पहिले साक्षीदार."

शेवटी सरांनी त्या दुसऱ्या संघातल्या, त्यांचा पाय पकडणाऱ्या माणसाचाच पत्ता काढला. देवराव, मुक्काम केनवड. आम्ही गेलो तेव्हा ओसरीत त्यांच्या संघाचा ढालीसह फोटो होता, हार घातलेला. त्या पकडीवरून गाव त्यांना अजूनही घोरपड म्हणतं. नातवंडं, शेजारपाजारचे पोट्टे, सगळे आजोबाची मुलाखत ऐकायला जमलेले. सरांनी शिट्टी वाजवली. पोट्टे खूश.

देवरावांनी शेत, कॉलेज, वसतिगृह, सगळं सांगितलं. पकडीचं सांगताना तर उठून उभेच राहिले आणि एका नातवाचा पाय धरून दाखवला. सर प्रश्न विचारणार, तेवढ्यात आतून चहा आला. सरांनी माझ्याकडे पाहून बोट आडवं फिरवलं. नियम म्हणजे नियम. मी मशीन बंद केलं. पोट्टे कंटाळून पांगले.

देवरावांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशीकडेच बघत म्हणाले, "हात लागला होता तुहा."

सरांची बशी हातातच राहिली.

"बोट रेषेवर होतं. दम बी चालू होता. मी खाली होतो न, मले दिसलं."

मी रेकॉर्डरकडे हात नेला. सर ओरडले, "दाब, दाब!" त्या घाईत त्यांनी शिट्टीही फुंकली आणि शिट्टी ऐकून सगळे पोट्टे धावत परत आले. नातू देवरावांच्या मांडीवर चढून बसला. सरांनी प्रश्न विचारला. देवरावांनी फोटोकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंचानं देल्ला तो निकाल खरा. आपन काय सांगावं?"

सरांनी शिट्टी फुंकली नाही. पिशवीतली सगळी मेथी त्यांच्या सुनेला दिली.

येताना एसटीत ते बराच वेळ अंगठ्याने बोटाचं टोक चोळत होते. मग एकदम हसले. "ऐकलं न पोरी?"

"ऐकलं ना सर. मीच सांगते मशीनवर."

"नाही. तू आपल्या टीमची. आपल्या टीमचा मानूस पंच नसते." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "पन ऐकलं न?"

मी नियमाला, चहाला आणि विद्यापीठालाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यांना मात्र राग आला नव्हता. घोरपडबाबाचा नातू बसला होता ना मांडीवर, एवढंच ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी मैदानावरून फेरी मारून आले, अंगणातल्या खाटेवर बसले आणि तिथेच गेले. त्यांची मुलाखत राहूनच गेली. मला फार रडू आलं, आणि तेही कॉलेजच्या मैदानावर, जिथे उभं राहावं लागू नये म्हणून मी पोट धरून बसायची. तेरवीला सरांच्या पत्नीने, काकूंनी, ती शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "घरात ठेवली त नातू वाजवते, अन् मले वाटते हे आले." ती मी रेकॉर्डिंगच्या खोलीत खिळ्याला अडकवली.

नंतर काही दिवसांनी दारात देवराव उभे दिसले. एकटेच आले होते, एसटीने, डोक्यावर स्वच्छ टोपी.

"बसा ना. चहा सांगते."

"चहा मंग. पहिले मशीन लाव."

मी बटण दाबलं. सुरुवातीची शिट्टी वाजवायचं मला सुचलं नाही. ते ताठ बसले आणि मशीनकडे बघून, कोर्टात सांगावं तसं सांगू लागले. "मी देवराव, केनवडचा. फायनलले त्याचा पाय मी धरला होता. त्यानं हात टाकला. हात रेषेले लागला. दम सुटला नव्हता. पंचाले दिसलं नाही, मले दिसलं, अन् मी बोललो नाही. ढाल त्यायची होती." मग थांबून, "त्या दिवशी नातवासमोर तोंडातून निघालं नाही. आता कालच त्याले सांगतलं. तो म्हनते, आबा, मंग तुमी घोरपड नाही काय? म्हटलं, घोरपड आहो न. पन तो माह्यासकट रेषेपावेतो गेला होता."

मग खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाजव ते. झालं माहं."

शिट्टी मी आयुष्यात कधी वाजवली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवा गेली. सर मैदानावर पोरांना सांगायचे ते आठवलं, शिट्टी तोंडानं नाही, पोटानं वाजते. मग मी पोटातून जोर लावला आणि लांब, अगदी संपता संपेना अशी वाजवली. खिडकीतलं कबुतर उडालं.

आणि कांताबाई आल्या, ट्रे घेऊन, नेहमीसारख्या लगबगीने. ट्रे टेबलावर ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. ट्रेमध्ये तीन कप होते.

देवरावांनी विचारलं, "हा कोनता?"

"बिनसाखरेचा," मी म्हटलं.

त्यांनी तो कप आपल्याकडे ओढला, बशीत ओतला आणि प्यायला लागले. मशीन बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. त्या मुलाखतीच्या शेवटी तुम्हाला बराच वेळ फुर्रर्र असा आवाज ऐकू येईल. तो मी काढून टाकलेला नाही.