तिसऱ्या रिळातल्या पाट्या

प्रिय नंदिता आणि समीर,

परवा फोनवर तुम्ही त्या सिनेमाचं सांगत होतात. उद्याचं जग, जिकडेतिकडे यंत्रं, आणि माणसांनी काय बोलायचं तेही सरकार ठरवणार. ‘आजी, तुझ्या तरुणपणी असलं कुणाला सुचलंही नसेल ना?’ असं समीरने विचारलं. सुचलं होतं. ज्यांना सुचलं त्यांच्याकडेच मी नोकरीला होते. माझ्याबरोबर काम केलेलं आता कुणी राहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा सिनेमा मुका होता. पात्रं नुसते ओठ हलवायची, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं बोलणं यायचं. त्याला आम्ही पाटी म्हणायचो. पुण्याच्या एका लहानशा फिल्म कंपनीत मराठी पाट्यांचं इंग्रजी करणं हे माझं काम. वडिलांनी परवानगी दिली ती एवढ्याचसाठी, की पडद्यावर माझं तोंड दिसणार नव्हतं आणि नावही येणार नव्हतं.

आमचे मालक आणि दिग्दर्शक गोविंदराव. त्यांना विजेचं वेड. त्यांची कथा पुढल्या काळातली. तिच्यातल्या राजाला रात्रच नको असते. शहरभर दिवे लावण्यासाठी तो एक आख्खं खोरं बुडवतो, आणि तिथल्या माणसांनी ब्र काढू नये म्हणून त्यांच्या तोंडांना फडकी बांधतो. राजाचं शहर गोविंदरावांनी पुण्यातच उभारलं. दोन पुरुष उंचीचं लाकडी चाक, फिरते पट्टे, दिव्यांच्या माळा. चाकाजवळून ते जेवायलाही उठत नसत.

खोऱ्यासाठी आम्ही मुळशीला गेलो. तिथे विजेसाठी खरोखरच धरणाची भिंत चढत होती. लोकांनी विरोध केला होता, काहीजण तुरुंगात जाऊन आले होते.

राजापुढे न वाकणाऱ्या म्हातारीचं काम सगुणाबाईंनी केलं. त्या तिथल्याच. घर आणि भाताची खाचरं, दोन्ही पाण्याखाली जाणार होती. त्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चाले. ते पाहून त्या म्हणाल्या, “ह्यो फोटू काडतोय का जातं दळतोय?”

त्यांची अट एकच होती. “माजं घर समदं घ्या. उंबरा, गोठा, मागली हीर. पानी आल्याव आमाला दावा. नातवंडांनी बगितलं पायजे.”

गोविंदरावांनी शब्द दिला. ते सगळं तिसऱ्या रिळात आलं.

सिनेमा दाखवायचा तर सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट लागे. बोर्ड मुंबईला; इंग्रजी पाट्यांसाठी गोविंदरावांबरोबर मीही गेले. तिसरं रीळ संपलं तसं बोर्डाच्या साहेबांनी मशीन थांबवायला सांगितलं.

“हे खोरं कुठलं?”

“काल्पनिक,” गोविंदराव म्हणाले.

“मुळशीचं नव्हे?”

“साहेब, गोष्ट पाचशे वर्षांनंतरची आहे.”

“मग पाचशे वर्षांनी या. सर्टिफिकेट आज हवं असेल तर हे रीळ काढा.”

बाहेर व्हरांड्यात गोविंदराव म्हणाले, “काढून टाकू. चाक दुसऱ्या रिळात आहे, त्याला धक्का नाही. लोक चाकच बघायला येणार.”

“आणि सगुणाबाईंना काय दाखवणार?”

“चाक.”

“अहो, मग तुमचा राजा तरी वेगळं काय करतो?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, “टोमणे पुरे, बाई. उपाय असेल तर सांगा.”

उपाय साहेबांकडूनच मिळाला. मी विनंती केली, की रीळ पुन्हा बघावं आणि हरकत नेमकी कुठे ते सांगावं. त्यांची पेन्सिल दर वेळी पाटी आली की वर जायची.

“चित्राला हरकत आहे का?” मी विचारलं.

“चित्रात आहे काय? एक घर, एक म्हातारी, एक विहीर.”

“मग आम्ही या रिळातल्या सगळ्या पाट्या काढतो. चित्र ठेवतो.”

“पाट्यांशिवाय लोकांना काय कळणार?”

“काही नाही, साहेब.”

इतकं आज्ञाधारक उत्तर मी पुढे तुमच्या आजोबांनाही दिलं नाही. सर्टिफिकेट मिळालं. साहेब कंटाळले होते की सगळं समजून गप्प राहिले, मला आजवर ठाऊक नाही. त्यांचे आभार मी दोन्ही शक्यता धरून मानते.

पाटी म्हणजे फिल्मचाच तुकडा. कात्रीने कापायचा, राहिलेली टोकं खरवडून एकमेकांना चिकटवायची. इंग्रजी मी लिहिलं होतं, म्हणून कापायलाही मीच बसले.

धरणात पाणी चढल्यावर आम्ही मुळशीजवळच्या पौडला बाजाराच्या दिवशी सिनेमाचा तंबू लावला; खोऱ्यातून उठलेली माणसं आली. वाचता येणारे थोडे, म्हणून पडद्याशेजारी उभा राहून एकजण पाट्या मोठ्याने वाचत असे. दाराशी एक पोलीस बसवला होता, वावगं काही वाचलं जातं का ते ऐकायला. तिसरं रीळ सुरू झालं आणि वाचणारा गप्प उभा राहिला.

“का रं, जीभ गिळली का?” सगुणाबाई अंधारातून म्हणाल्या. मग स्वतःच बोलू लागल्या. “ह्यो आमचा उंबरा. बाळंतीन हुते तवा हितंच बसायची. ती मागं हीर.”

“हीर आमची हाय,” कुणीतरी म्हणालं.

“व्हय, पन गाळ कोन काडायचं? आमीच.”

तंबू हसला. मग एकेकजण आपापलं ओळखू लागला. कुणाचं खळं, कुणाचा आंबा, कुणाची म्हैस. बायका पोरांना कडेवर उचलून दाखवत होत्या. रीळ संपलं तेव्हा पोलीस उठला.

“परत लावा,” तो म्हणाला. “आंब्यामागं मामाचं घर दिसलं मला.”

गोविंदरावांनी स्वतः ते रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. चाकाचं रीळ कुणी परत मागितलं नाही. निघताना सगुणाबाई म्हणाल्या, “लई उपकार झालं, बाई.” माझ्या पाटीवाचून माणसांचं अडत नाही, हे त्यांनी मला दाखवलं होतं. उपकार खरे त्यांचे होते.

तेव्हाची फिल्म झटकन पेट घ्यायची. पुढे काही वर्षांनी कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि सिनेमाची सगळी रिळं गेली. तुमच्यासाठी एवढंच सांगते, की काढून टाकायला लावलेली वस्तू टाकून देऊ नये. कापलेल्या पाट्या मी घरी आणल्या होत्या. त्या पत्र्याच्या डब्यात आहेत, कडा पिवळ्या पडल्यात. उजेडात धरल्या की अक्षरं अजून लागतात.