मिथुनभावजींचा दम

मिथुन माझा धाकटा दीर. अंगाने दरवाजाएवढा, आणि दरवाजा बंद झाला की घाबरणारा. ही दुसरी गोष्ट आमच्या घणसोली गावात फक्त मला माहीत होती, आणि ती पोटात ठेवता ठेवता माझीच झोप उडाली होती.

दिवसा तो द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि संध्याकाळी गावच्या मैदानात कबड्डी खेळायचा. खरे तर नोकरी पोटासाठी होती आणि जगणे कबड्डीसाठी. चढाईला निघताना माती कपाळाला लावायची, आणि एकदा का ‘कबड्डी कबड्डी’ सुरू झाली की समोरच्या सात जणांची पळापळ बघावी. हा दम त्याला माझ्या सासऱ्यांनी, नामाबाबांनी, लावून दिला होता. खाडीकाठच्या गावातली जुनी रीत ती. पोराच्या मांडीवर दगड द्यायचा, तळ्यात बसवायचे आणि छातीत श्वास कोंडून धरायला लावायचे. सासरे गेले, पण भावजींच्या डोक्यातून दगड काही गेला नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या गावात सामना होता. भावजी परत येताना मध्यरेषेजवळ पकडले गेले. एकाने घोटा धरला, दुसऱ्याने मांडी, आणि बाकीचे धडाधड वर पडले. शिट्टी वाजली तरी कुणी उठेना, कारण जिंकलेले तिथेच, त्यांच्या पाठीवरच, नाचत होते. खाली भावजींचे तोंड मातीत. शेवटी बाहेर काढले तेव्हा चेहरा काळानिळा झाला होता. पण लोक बघतायत म्हटल्यावर हा माणूस हसला आणि शॉर्टवरची माती झटकू लागला.

त्यानंतर सगळे बिनसले. आमच्या गावठाणात घरे एकमेकांना टेकलेली, खिडकी उघडली की हाताला शेजाऱ्याची भिंत लागते. त्या खोलीत भावजी दार उघडे टाकून झोपायला लागले. सीवूड्सच्या मॉलमध्ये कपडे घ्यायला गेलो, तर लिफ्ट भरताच बाहेर उडी मारली आणि ‘एक्सरसाइज होईल’ म्हणत जिन्याने वर आले. मी त्यांची टर उडवली तेव्हा. मग मैदानातही दम सुटायला लागला. चढाई अर्ध्यावर असताना आवाजच बंद व्हायचा, पंच परत पाठवायचे आणि गुण समोरच्यांना जायचा. पोरे म्हणायची, वय झाले. तिशी नुकती ओलांडलेला माणूस, आणि वय झाले!

एका सकाळी मी देवाचे निर्माल्य घेऊन तळ्यावर गेले. पायरीवर भावजींचा शर्ट आणि चपला होत्या. तळ्यात कोणी नव्हते. आधी वाटले, पलीकडे पोहत असतील. पाणी पाहिले तर एकदम शांत, साधा तरंगही नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग हातातली पिशवी टाकून मी साडीसकट पाण्यात उतरले. तेवढ्यात माझ्यापासून हातभर अंतरावर पाणी फुटले. भावजी वर आले. डोळे लालभडक, तोंड उघडे, पण श्वास आत जाईना. घशातून नुसता एक घरघर आवाज. मी त्यांची पाठ बडवत होते आणि रडत होते. शेवटी एक श्वास गेला आत. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

‘‘वैनी, आईला नको सांगू,’’ हे त्यांचे पहिले बोलणे.

‘‘काय चालवलंय भावजी तुमी? जीव द्यायला आलेलात?’’

‘‘जीव नाय गो. दम वाढवतोय. मैदानात गेलो का छातीवर कोनतरी बसलाय असाच वाटतं. डॉक्टर बोलला, हार्ट ओके हाय. मंग काय हाय? दमच संपलाय माजा. म्हनून रोज खाली बसतोय. बाबा बसवायचे तसा.’’

रोज! म्हणजे रोज सकाळी आम्ही घरात चहा पीत असताना हा माणूस तळ्याच्या तळाशी दगड घेऊन बसत होता. एखाद्या दिवशी तो वर येणार नाही, एवढे मला स्वच्छ दिसले.

मी सरळ धमकी दिली. ‘‘उद्यापासून माज्याबरोबर योगाला यायचं. नाय आलात तर आईंना सगळं सांगते.’’

आमचा योगाचा वर्ग समाजमंदिरात भरतो. विजयमाला मॅडम घेतात. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. वर्गात सगळ्या बायका. गावातल्या पुरुषांच्या मते योगा म्हणजे म्हाताऱ्यांनी गुडघ्यांसाठी करायची गोष्ट. भावजी आले ते टोपी नाकापर्यंत ओढून, आणि थेट मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढे वाकायला सांगितले तर हात गुडघ्यांच्या खाली जाईनात. मांडीच्या मागच्या शिरा ताठ, कंबर लाकडासारखी. जिच्या दुकानातून आम्ही वाणसामान भरतो ती काकू आरामात अंगठे धरून उभी, आणि गावचा चढाईपटू लालबुंद होऊन घाम गाळतोय. बायका पदराआड हसल्या. मीही हसले, खोटे कशाला बोलू.

पण सगळ्यांत अवघड आसन दुसरेच निघाले. शेवटी सगळ्या जणी शवासनात आडव्या झाल्या. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले, आणि भावजी उठून दाराबाहेर गेले. चप्पलसुद्धा घातली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उताणे पडून डोळे मिटले की अंगावर पुन्हा ती माणसे पडायची.

मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारले आणि मी तळ्याचेही सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भावजींना समोर बसवून म्हणाल्या, ‘‘मला एक सांगा, कबड्डी कबड्डी म्हणताना श्वास आत जातोय का भायेर?’’

भावजींनी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. ‘‘भाएर.’’

‘‘मग आत कोंडायचा सराव कशाला करताय? सोडायचा करा की. आणि पाण्यात परत जायचं न्हाई. जीवावर बेतंल.’’

त्या दिवसापासून भ्रामरी सुरू झाली. ओठ मिटून, श्वास सोडत भुंग्यासारखा आवाज काढायचा, सावकाश, संपेपर्यंत. भावजी हुंकार धरायचे तेव्हा खिडकीची काच थरथरायची. वाकणे हळूहळू जमायला लागले. पुढे पाय टाकून बोटाने गडी बाद करायची त्यांची जुनी चाल होती, ती वीतभर लांबली. घोट्याची पकड सोडवताना कंबर वळायला लागली. पोरे विचारायची, कुठली जिम लावली? भावजी विषय बदलायचे.

शवासन मात्र जमेना. मॅडमनी त्यांना दाराजवळ, कुशीवर, दार उघडे ठेवून झोपायला सांगितले. तेवढे करायचे. उताणे व्हायचे नाव नाही.

त्यात घरी बातमी फुटली. माझ्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, स्वयंपाकघरातूनच तोफ डागली. ‘‘जित्या मानसानं मढ्यासारखं पडायचं? नाव तरी आयका त्याचं! माज्या पोराला तसल्या जागी नेलंस तर बघ.’’ त्यांनी भावजींवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मी त्यांना काय सांगणार? पोरगा खरा मढे व्हायला निघाला होता तेव्हा तुम्ही चहा गाळत होतात, असे?

जानेवारीत आमच्या गावची स्पर्धा आली. हरण्याजिंकण्याचे मला काहीच नव्हते. पुन्हा पाच-सहा जण त्यांच्यावर पडले तर हा माणूस श्वास घेईल का, एवढेच माझ्या डोक्यात. सकाळी मी म्हणाले, ‘‘भावजी, नका खेळू.’’

‘‘वैनी, नाय खेळलो तर रोज तोच ढीग अंगावर घेऊन झोपायचा. किती दिवस?’’ म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या बांधू लागले.

अंतिम सामना. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे. भावजींनी माती कपाळाला लावली आणि आत शिरले. दम मला मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी ऐकू येत होता, एकसारखा, न तुटणारा. एकाला बोट लावले, वळले, आणि कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला. दुसरा कमरेत घुसला. मग सगळे. मध्यरेषा हातभर लांब राहिली. दम ढिगाखाली गेला आणि ऐकू येईनासा झाला.

शिट्टी वाजली. हरलो होतो. जिंकलेले तिथेच उड्या मारायला लागले, आणि माझे भावजी खाली. मी दोरी मुठीत आवळून उभी होते. एकेक जण उठत गेला. शेवटचा माणूस बाजूला झाला तेव्हा भावजी उताणे पडलेले दिसले. डोळे मिटलेले. हलत नव्हते.

कुणी ‘पानी आना’ ओरडले, कुणी कांदा मागितला. सासूबाई दोरीखालून वाकून ‘माजा मिथुन’ करत धावल्या. पाठोपाठ मी. गुडघ्यांवर आपटले, त्यांना हलवायला हात पुढे केला आणि थांबले. पाय किंचित फाकलेले, चवडे बाहेरच्या बाजूला पडलेले. हात अंगापासून सुटे, तळवे आभाळाकडे. अगदी मॅडम सांगतात तसे. आणि पोट खाली-वर होत होते, सावकाश.

‘‘बाजूला व्हा सगळे! वारा येऊ द्या!’’ मी इतकी जोरात ओरडले की पंचसुद्धा मागे सरकले.

भावजींनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले. ‘‘हरलो ना?’’

‘‘हरलो.’’

‘‘बरं. जरा पडून राव दे, वैनी. आईला सांग, रडू नको.’’

पण सासूबाई रडायच्या थांबल्या होत्या. त्यांनी लेकाच्या पोटावर हात ठेवला होता. लोक विचारत होते, काय झाले, डॉक्टरला बोलवायचे का. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. पोटाबरोबर त्यांचा हात वर जायचा आणि खाली यायचा, आणि त्या तो काढून घेत नव्हत्या.