दामिनीला हुकूम जमत नाही

दामिनी सिस्टरची ड्यूटी असली की दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड जास्त स्वच्छ असतो, असं त्या इस्पितळात सगळे म्हणत. ते खरंच होतं. फरशी ती स्वतः पुसायची.

पुसायचं काम खरं तर साखराबाईचं. साखराबाई उमरीकडची, पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी थकलेली. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत. कुणी उलटी केली, कुणाचं बेडपॅन सांडलं, की दामिनी मावशीला हाक मारायला तोंड उघडायची. शब्द बाहेर यायच्या आत तिचा हात फडक्याकडे गेलेला असायचा.

"राहू दे गं माय, मी करते की," साखराबाई बसल्या जागेवरून म्हणायची.

"बसा मावशी. झालंच."

हे बोलणं इतक्यांदा झालं होतं की त्याला काही अर्थ उरला नव्हता. ते नळाच्या ठिबकण्यासारखं चालू असायचं.

नांदेडच्या त्या खाजगी इस्पितळात दामिनीला काही वर्षं झाली होती. पेशंट तिच्यावर जीव टाकत. डिस्चार्ज घेऊन जाताना बायका तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत. ती मूळची लातूरची. गंजगोलाईत तिच्या वडिलांचं, गुंडप्पांचं, गूळ-मिठाचं दुकान होतं. हमाल समोर उभा असला तरी गुंडप्पा पोतं आपल्या खांद्यानं सरकवत. हातानं केलेल्या कामाला त्या घरात कायक म्हणत, आणि ते दुसऱ्यावर ढकलणं म्हणजे आपली पूजा दुसऱ्याकडून करवून घेणं. लहानपणी एकदा दामिनीनं जेवलेलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं होतं. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी ते उचललं, मोरीत बसून घासलं आणि पालथं घातलं. मार विसरला गेला असता. ते ताट विसरलं गेलं नाही.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना तिला एक सल होता. एका दुपारी एका म्हाताऱ्या पेशंटचे हात तिला वेगळेच गार लागले. तिनं तरुण डॉक्टरांना सांगितलं, याचं काहीतरी बिघडतंय. ते मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बीपी तेवढं लिहा." संध्याकाळी व्हायचं ते झालं. दामिनीनं आधी सांगितलं होतं हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटलं. माणूस गेला असताना आपल्याला हे वाईट वाटावं, याचं त्याहून वाईट वाटलं. त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. आपल्या शब्दाला वजन असेल अशी जागा.

ती जागा कुठं आहे ते तिला अमृतरावांनी सांगितलं. अमृतराव लोह्याचे. फौजेच्या इस्पितळांत नर्सिंग असिस्टंट म्हणून राबून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोचा, उज्वलाबाईंचा, खुबा मोडला होता आणि ते दिवसभर तिच्या खाटेपाशी ताठ बसून वॉर्ड न्याहाळत असत.

"पोरी, इथं काय करून राहिलीस?" एकदा ते म्हणाले. "फौजेत जा. तिथं नर्स म्हंजे अधिकारी असती. खांद्यावर दोन तारे. डॉक्टर स्वतः इचारतो तिला, सिस्टर, तुमचं काय म्हणणं हाय?"

सलाईनची चकती फिरवता फिरवता दामिनीचा हात थांबला. ताऱ्यांचं तिला काही नव्हतं. ते शेवटचं वाक्य मात्र तिच्या कानात राहून गेलं.

तिनं अर्ज भरला. ड्यूटी संपली की अभ्यास, अभ्यास संपला की ड्यूटी. नर्सिंगचं तिला येत होतं. इंग्रजीनं घाम काढला. जेवणाच्या डब्यावर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. संगणकावरची परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. दिल्लीला.

मग सुट्टीच्या दिवशी ती लोह्याला अमृतरावांच्या ओसरीवर तयारीला जाऊ लागली. उज्वलाबाई आता वॉकरवर चालत होत्या आणि खुर्चीत बसून हा खेळ बघत.

"मी शिपाई हाय," अमृतराव म्हणत. "चप्पल घालून वॉर्डात घुसलो. बोल."

"काका, चप्पल तेवढी बाहेर…"

"काका कोण? इथं काका न्हाई."

"भाऊ, चप्पल…"

"भाऊ बी न्हाई!"

दामिनीनं मान खाली घातली. "मग मीच उचलून ठेवते."

उज्वलाबाई खुदकन हसल्या. "आवो, मी जल्मभर तुमच्या चपला उचलल्या. मला न्हाई दिले कुणी दोन तारे."

अमृतरावांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. "हे बघ," ते दामिनीला म्हणाले, "नर्स म्हणून तुला तोड न्हाई. पर तुला हुकूम जमत न्हाई. आन् मुलाखतीच्या बोर्डाला ते खोलीत पाय ठेवल्याबरोबर दिसतंय."

"हुकूम म्हणजे ओरडायचं का?"

अमृतराव थोडे अडले. त्यांनी सगळा जन्म हुकूम ऐकण्यात घालवला होता. देणाऱ्याच्या आत काय होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "थोडं ओरडावंच लागतंय," ते शेवटी म्हणाले.

दामिनीनं वॉर्डात करून पाहिलं. आवाज चढवून म्हणाली, "मावशी, तीन नंबरच्या खाली पुसून घ्या. लगेच!"

साखराबाईनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "काय गं, पगार वाढला का तुझा?"

सगळा वॉर्ड हसला. टाके असलेले पोट धरून हसले. दामिनीही हसली, आणि तीन नंबरच्या खालची फरशी तिनंच पुसली.

दिल्लीला जाताना अप्पा सोबत आले. सणाशिवाय दुकान बंद न ठेवणारा माणूस, पण पोरीला एवढ्या लांब एकटं पाठवेना. सचखंड एक्स्प्रेसमध्ये त्यांनी घरून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी काढल्या, शेंगाची चटणी काढली.

"तिथं तुझ्या हाताखाली माणसं असतील?" त्यांनी विचारलं.

"असतील अप्पा."

"वयानं तुझ्यापेक्षा मोठी?"

"असतील की."

अप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. बाहेर परक्या मुलखातली सपाट शेतं मागं पळत होती. "मोठ्या माणसाला काम सांगायचं, म्हंजे अवघडच हाय बघ," ते म्हणाले. ती विरोधाची भाषा नव्हती. एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं ते बोलले होते.

मुलाखत छावणीतल्या एका इमारतीत होती. लांब टेबलापलीकडे तीन अधिकारी बसले होते. मधल्या बाई ब्रिगेडियर होत्या. केस पांढरे, आवाज मऊ. प्रश्न सुरू झाले. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर आधी काय कराल? ऑपरेशननंतर पेशंट अस्वस्थ आहे पण बीपी ठीक आहे, तर काय बघाल? दामिनी उत्तरं देत गेली. इंग्रजी अडखळलं तिथं हिंदी घेतली, आणि कुणी कपाळाला आठी घातली नाही. खुर्चीतला तिचा ताण हळूहळू सैल झाला. तिला वाटलं, हे जमतंय.

तेवढ्यात दार उघडलं आणि चहाचा ट्रे घेऊन एक वयस्क कर्मचारी आत आला. टेबलाच्या कोपऱ्यापाशी त्याचा हात हलला. एक कप घरंगळला, फुटला, चहा फरशीवर पसरला.

दामिनी खुर्चीतून कधी उठली ते तिला कळलंच नाही. ती गुडघ्यांवर होती, रुमालानं चहा टिपत होती, तुकडे तळहातावर गोळा करत होती. "बाबूजी, आप रहने दीजिए," ती त्याला म्हणत होती. तो बिचारा ट्रे धरून अवघडून उभा होता. शेवटचा तुकडा टेबलाखाली गेला होता. तो तिनं वाकून काढला. मग ती परत येऊन खुर्चीत बसली. तिचा श्वास थोडा लागला होता, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

"सापडले सगळे तुकडे?" ब्रिगेडियर बाईंनी विचारलं.

"हो मॅडम."

"तुम्ही खाली होतात तेव्हा मी तुम्हाला एक प्रश्न विचारला. काय होता?"

दामिनीनं आठवून पाहिलं. आठवायला काही नव्हतंच. तिच्या कानावर काहीच आलं नव्हतं.

"दोनदा विचारला," बाजूचे अधिकारी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"कप उचलायला ते होते," बाई म्हणाल्या. "उत्तर द्यायला मात्र तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी खाटेवर असते तर?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. इतका वेळ तोही तिला ऐकू आला नव्हता.

"सॉरी मॅडम," दामिनी म्हणाली. "खाली काही पडलेलं दिसलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"नाही. आत्ता कळलं."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तिला जायला सांगितलं.

बाहेर अप्पा लिंबाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. प्रश्नाचं सांगेपर्यंत अप्पांचा चेहरा कपापाशीच उजळून थांबला होता.

"उचललास ना तू? मग बरोबर केलंस," ते म्हणाले.

अप्पांच्या शाबासकीवर ती वाढली होती. त्या दिवशी प्रथमच त्या शाबासकीनं तिला एकटं वाटलं.

निवड यादीत तिचं नाव नव्हतं. अमृतरावांनी फोनवर बोर्डाला एक फौजी शिवी दिली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला." दामिनी हो म्हणाली. ती पूर्वीसारखीच ड्यूटीवर जाऊ लागली, पण आता वॉर्डात फडकं हातात घेताना तिला कुणीतरी मागून प्रश्न विचारतंय असं वाटायचं. ती मान वळवून बघायची. कुणी नसायचं.

एका दुपारी अंजू नावाची मुलगी पाच नंबरवर होती. सकाळीच तिचं ऑपरेशन झालेलं. दामिनी तिच्यापाशी उभी होती. अंजू पुटपुटली, "सिस्टर, कसंतरीच होऊन राहिलंय." त्याच वेळी शेजारच्या खाटेवरून तसराळं पालथं झालं आणि घाण पाणी थेट दामिनीच्या पायांपर्यंत आलं.

तिचा हात खाली निघाला. मग थांबला. थांबवताना तिला खांद्यात दुखल्यासारखं झालं.

"मावशी, हे पुसा," ती म्हणाली.

त्यात ओरडणं नव्हतं, विनवणी नव्हती. ती वळलीसुद्धा नाही. तिची बोटं अंजूच्या मनगटावर होती. मागं साखराबाई उठली; तिचे गुडघे कडकडले, बादलीची कडी वाजली. दामिनीला ते सगळं ऐकू आलं. तो आवाज ऐकूनही वळायचं नाही, एवढंच शिकायचं होतं. आणि ते शिकताना बरं वाटत नव्हतं.

अंजूची नाडी पळत होती. बीपी अजून ठीक होतं. दामिनीनं डॉक्टरांना फोन लावला. "आत्ता या," ती म्हणाली. "बीपी नंतर सांगते." डॉक्टर बहुतेक त्या आवाजानंच दचकून आले. पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. अंजूला परत थिएटरमध्ये नेलं, आणि ती वाचली.

त्या दिवशी चहाच्या वेळी साखराबाईनं दामिनीला रोजच्यासारखी हाक मारली नाही.

पुढंही फार वेळा मारली नाही. दिल्लीहून आल्यापासून दामिनी बदलली, असं वॉर्डात बोललं जाऊ लागलं. "साहेबीण झाली नाही तर ही तऱ्हा," साखराबाई दुसऱ्या मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. दामिनी काम सांगायची, मग ते झालं का हेही बघायची. मावशीला वाकावं लागू नये म्हणून तिनं ऑफिसात मागं लागून लांब दांड्याचा पोचा आणवला. साखराबाई तो उभा धरून म्हणाली, "ह्याचा दांडा माझ्याहून उंच हाय. मला पुसायला आणला का मला झाडावर चढवायला?" पण ती तोच वापरायची. पेशंट बरे होऊन जात. गालावरून हात फिरवून बोटं मोडणाऱ्या बायका कमी झाल्या. प्रेम कुठं जातं ते कळत नाही. एक दिवस चहाचा कप आपल्याला स्वतः जाऊन आणावा लागतो, एवढंच कळतं.

पुढच्या खेपेला तिची निवड झाली. लातुरात अप्पांनी गिऱ्हाइकांना गूळ वाटला. अमृतराव लोह्याहून आले, वॉर्डाच्या दारात उभे राहिले, पण आत येऊन काय बोलावं ते न सुचल्यानं तिला काही औषधांची नावं विचारून गेले.

शेवटच्या दिवशी पेढे आले. सगळ्यांनी मिळून फोटो काढला. आधी रेणुका सिस्टर लग्न होऊन गेली तेव्हा सगळा वॉर्ड रडला होता. आज कुणी रडलं नाही. दामिनीनं कपाट रिकामं केलं, पिशवी खांद्याला लावली आणि साखराबाईच्या पाया पडायला वाकली.

साखराबाईनं तिला खांद्याला धरून वर ओढलं. तोंडात पेढा होता, तो गिळेपर्यंत वेळ गेला.

"जा माय," ती म्हणाली. "तिकडच्यांला लाव आता कामाला. आमी जरा टेकतो."