माझंही दुसरं काम

माझ्या नवऱ्याची दोन कामं होती, आणि माझीही दोन. तो लूमच्या कारखान्यातली पाळी संपवून आला की चहा पिऊन वायरिंगच्या कामाला निघायचा. मी सकाळी बालवाडीत आया होते, आणि दुपारनंतर नवागामच्या मोकळ्या मैदानात बायकांना मोपेड शिकवायचे. शेजारी त्याला कष्टाळू म्हणत. मला मात्र विचारत, "मग घरचं कोण बघतं?" घरचं मीच बघायचे. रात्रीचा स्वयंपाक दुपारीच उरकल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नसे.

एकदा एका शिकाऊ बाईनं ब्रेक दाबायच्या ऐवजी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. दोघी पडलो. तिला काही झालं नाही, माझं उजवं कोपर सोलून निघालं. घरी आल्यावर सासूबाईंनीच जखम धुतली, हळद भरली आणि म्हणाल्या, "बस झाये पोरी. आते ते गाडी शिकाडानं सोडी दे."

आदल्या वर्षी नवरा शिडीवरून पडला होता. पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा घरात एकच विषय, हा परत कामावर कधी जाईल. नवीन शिडी घे, हे त्याला सांगितलं होतं ते सासूबाईंनीच.

"आत्या," मी सासूबाईंना म्हटलं, "ते पडनात तवय त्यास्ले कोन्ही सांगं नाही, काम सोडी द्या म्हणीसन."

नवरा तिथंच जेवत होता. सासूबाई हळदीचा डबा लावत राहिल्या. शब्द मागे घ्यायचा नाही, हे मी ठरवलेलं होतं.

"उद्याना दिन तरी जाऊ नको," नवरा म्हणाला.

"तीन बाया वाट देखतीन. मी जासू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, निघण्याआधी, डाव्या हातानं पीठ मळायला बसले. जमेना. सासूबाईंनी परात स्वतःकडे ओढली. "जाय तू," एवढंच म्हणाल्या.

मैदानावर कालचीच बाई सर्वांत आधी येऊन उभी होती, तोंड उतरलेलं. तिला पुढे बसवलं, मी मागे बसले आणि म्हटलं, "चालवा."

त्या दिवसापासून भाकरी सासूबाई करतात. रविवारी नवरा खिचडी टाकतो, मीठ कमीच पडतं. गेल्या महिन्यात मी शिकवायला दुसरी मोपेड घेतली.