बैठं काम

नवरा निवृत्त झाला आणि हिशेबाला त्याला दुसरं काही मिळेना, म्हणून त्याने माझं शरीर घेतलं. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मनावर घेतलं त्याने. वय, उंची, वजन भरलं की शरीर दिवसभरात किती कॅलरी जाळतं ते सांगणारं ॲप त्याने मोबाइलमध्ये घेतलं. कामाचं स्वरूप विचारलं, तिथे माझ्यासाठी ‘बैठं’ निवडलं.

“बैठं?” मी विचारलं.

“घरातच असतेस ने तू! नोकरी थोडीच आहे?”

स्वतःसाठी मात्र ‘मध्यम’. का, तर सकाळी तो चक्कर मारतो. ती चक्कर सेव-उसळीच्या गाडीपाशी संपते, हे ॲपला कोण सांगणार? शिवाय मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दुपारी हा झोपाळ्यावर झोके घेतो, घड्याळाला वाटतं माणूस चालतोय. तरसालीच्या आमच्या घरात बसल्याजागी हा तीसेक किलोमीटरवरच्या करजणला पोहोचतो.

माझा आकडा कमी आला, म्हणून रात्रीची माझी दुसरी भाकरी बंद झाली. जेवताना तो माझ्या ताटावर डोळा ठेवायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलणं, कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं, चादरी धुणं, सगळं माझ्याकडे. मला भूक लागायची आणि भुकेपेक्षा जास्त संताप यायचा.

एका सकाळी त्यांना खुर्चीत बसवताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत जवळ होती म्हणून दोघी पडलो नाही. नवऱ्याने झोपाळ्यावरूनच विचारलं, “काय पडलं?”

“काही नाही. उद्यापासून तुमची आई तुम्ही उचला.”

दुसऱ्या दिवशी त्याने उचललं. आंघोळ, कपडे, खुर्ची. सदरा घामाने भिजला, कंबर धरून तो झोपाळ्यावर बसला, झोका घ्यायलाही त्राण नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता तरी डोळे उघडले असतील.

त्याने फोन काढला, स्वतःच्या नावापुढचं ‘मध्यम’ बदलून ‘अवजड’ केलं आणि म्हणाला, “आज मला एक भाकरी जास्त वाढ हं.”

“थापून घ्या,” मी म्हटलं. पिठाचा डबा आणि तवा ओट्यावर काढून ठेवला आणि सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसले.