वाकोल्याच्या स्वयंपाकघरातली खिडकी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. आणि हे भुताचं नाहीच मुळी… भूत असतं तर परवडलं असतं, निदान घरातल्यांनी माझ्याकडे असं बघितलं नसतं.

राहतो मुलुंड पूर्वेला. वय चोपन्न, आणि या वयात लेखक व्हायची हौस. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लेखनाचं वर्कशॉप झालं. मॅडम म्हणाल्या, "ओळखीची जागा आठवा, आणि तिथे कधीच नसलेली एक गोष्ट ठेवून बघा."

मी वाकोल्याची आमची जुनी दीड खोली घेतली. तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. असणार कशी? भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी! स्टोव्हच्या धुरात आई वीस वर्षं खोकत राहिली, "एक खिडकी पाडून द्या" म्हणून बाबांच्या मागे लागून दमली. तर म्हटलं, आपण देऊ. कागदावर दिली. गजाला चहाची गाळणीपण अडकवली. लिहिताना मला रडू आलं — स्वतःच्याच लेखावर रडणारा मी एकटाच असेन.

रविवारी घाटकोपरहून ताई आली. तिला आणि आईला वाचून दाखवलं, आणि कौतुकासाठी थांबलो.

"बरंय," ताई म्हणाली. "पण यात तुझं काय रे? होतं तसंच उतरवलंयस."

"अगं, खिडकी!"

"हो, खिडकी. मग?"

"ती नव्हती ताई! मी बनवली ती!"

"डोकं फिरलंय का तुझं?"

आई पलंगावरून म्हणाली, "होती मरे खिडकी. कडी घट्ट होती तिची. तुका आठवना नाय?"

ताईने कपाटातून अल्बमच काढला. तिच्या साखरपुड्याच्या दिवशी आई स्टोव्हपाशी… शंभर वेळा पाहिलेला फोटो. मागे नुसती काळवंडलेली भिंत असायची. आता तिथे खिडकी. गज. गजाला गाळणी.

"मग आई खोकायची कशाने?" मी ओरडलोच.

"कोण खोकायचं?" — दोघी एकदम.

मी आईच्या उशाशी दम्याचा पंप शोधू लागलो. सकाळी मीच तिथे ठेवला होता. नाही. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "कसला पंप? आणि आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

वाट लागली. त्या वीस वर्षांच्या धुराचा साक्षीदार आता मी एकटा, आणि माझं घरात एरवीही कोणी ऐकत नाही!

काल मॅडमचा फोन आला. लेख चार ओळी जास्त होतोय, खिडकीचा परिच्छेद काढू का?

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की त्या दचकल्या.

"नवीन लेखकांचं हे असंच होतं हं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या वाक्यांचा फार मोह."

त्यांना काय सांगणार? मलाच अजून काही कळलेलं नाही. आतल्या खोलीत आई झोपली होती, आणि तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत नव्हती.

"मॅडम, हवं तर माझं नाव काढा," मी म्हटलं. "खिडकी राहू द्या."